आपापले चेहरे जमा करावेत

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागलेल्या नोटिशीत पाच चुका होत्या. चार मी दुरुस्त केल्या. पाचवी मला दिसलीच नाही, आणि पुढचं सगळं महाभारत त्या पाचवीमुळे घडलं.

नोटीस अशी होती : ‘सर्व सभासदांना सुचित करण्यात येते की, सर्वांनी आपआपले चेहरे रविवार पर्यंत ऑफिसात जमा करावे.’

एकतीस वर्षं मी मुद्रितशोधकाचं काम केलं. मी निवृत्त झालो, पण खिशातलं लाल पेन काही निवृत्त व्हायला तयार नाही. दुधाची पिशवी डाव्या हातात धरून मी ‘सुचित’चा उकार दीर्घ केला, ‘आपआपले’चं ‘आपापले’ केलं, ‘रविवार’ आणि ‘पर्यंत’ यांची ताटातूट मिटवली (शब्दयोगी अव्यय असं वाऱ्यावर सोडलेलं मला बघवत नाही), ‘करावे’ला त जोडला आणि जिना चढून घरी आलो. चहा पिताना हिनं विचारलं, “काय होतं हो नोटिशीत?”

“काही विशेष नाही. चेहरे जमा करायचेत.”

“काय करायचेत?”

तेव्हा कुठे माझ्या हातातला कप थांबला. अक्षरं वाचायची आणि मजकूर वाचायचा नाही, हा आमच्या धंद्यातला रोगच आहे. एका गृहस्थांच्या निधनाची बातमी मी एकदा तीनदा तपासून दिली होती. ते आमच्याच वाड्यातले होते हे मला दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर कळलं.

तसाच खाली ऑफिसात गेलो. सेक्रेटरी आयटीतला, वय पस्तीसच्या आसपास, मुलगा गुणी. रोज सकाळी तंत्रज्ञानाची एक तरी बातमी तो गटावर टाकतो. कुठलंही नवं यंत्र आलं की ते आधीच यायला हवं होतं असं त्याचं मत पडतं, आणि त्याचं नाव मराठीत चुकीचं लिहिलंय असं माझं.

“काका, फाटकावर चेहरा ओळखणारं मशीन बसतंय. रजिस्टर नको, सह्या नकोत. समोर उभं राहायचं, बूम वर. विमानतळावर डिजी यात्रा आहे ना, तसंच.”

“ती ऐच्छिक आहे.”

“हेही ऐच्छिकच आहे, फक्त सगळ्यांनी करायचंय.”

“आणि मी चेहरा दिला नाही तर?”

त्यानं अत्यंत नम्रपणे टेबलावरची नोटीस उचलून माझ्यापुढे धरली. चारही दुरुस्त्या लाल शाईत, आणि खाली कोपऱ्यात, एकतीस वर्षांच्या सवयीनं ठोकलेली माझी आद्याक्षरं. वर ‘तपासले, ठीक’ असा शेरा.

“आम्हाला वाटलं तुमचा पाठिंबा आहे, काका.”

आता माघार घ्यायची तर कायद्याची शिडी लावूनच. मी म्हटलं, “मला संमतिपत्र मराठीतून हवं.” ही मागणी हवेतली नव्हती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला. त्यात म्हटलंय की संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी हवी त्या भाषेत वाचायची सोय असली पाहिजे. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, त्यांत आपली आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य कलमं लागू व्हायला तिथून पुढे अठरा महिने. आमच्या जिन्याच्या रंगकामाचा वेगही साधारण हाच. हा अठरा महिन्यांचा तपशील मी सेक्रेटरीला सांगितला नाही. एवढी गोपनीयता मीही पाळतो.

त्या कायद्यात आणखी एक गंमत आहे. व्यक्तीचा उल्लेख त्यात सरसकट स्त्रीलिंगी सर्वनामानं केलाय, पुरुष असो वा कुणी असो. मी हे मोठ्या कौतुकानं हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे कायद्यानं तुम्ही आता ‘ती’. मग आज कुकर तीच लावेल.”

दोन दिवसांनी संमतिपत्र आलं. सेक्रेटरीनं इंग्रजी मजकूर यंत्राला खाऊ घालून मराठी काढून घेतलं होतं. कायद्यात ज्याची माहिती असते त्याला ‘डेटा प्रिन्सिपल’ म्हणतात. यंत्रानं मला ‘डेटा प्राचार्य’ करून टाकलं. उभ्या आयुष्यात एवढी बढती मला कुणी दिली नव्हती. पुढे होतं : ‘प्राचार्यांच्या चेहर्यावर प्रक्रिया केली जाईल, तो ढगात साठवला जाईल व गरजेनुसार तृतीय पक्षांमध्ये वाटला जाईल.’

“चेहऱ्यावर प्रक्रिया करतायत तर करून घ्या ना,” ही म्हणाली, “मी कधीची सांगतेय.”

माझा चेहरा पेढ्यांसारखा वाटला जाणार याचं मला नंतर वाईट वाटलं. आधी डोळ्यांत खुपला तो ‘चेहर्यावर’. मराठीत ‘चेहरा’चं सामान्यरूप ‘चेहऱ्या’. तिथे रफार येत नाही, तो तिरका अर्धा ऱ येतो. आचाऱ्यांना आमंत्रण दिलं तर स्वयंपाक होतो, आचार्यांना दिलं तर प्रवचन. फरक तेवढ्या एका रेघेचा आहे. मी समासात लिहिलं : ‘चेहर्या नावाची वस्तू माझ्याकडे नाही. सापडल्यास खुशाल प्रक्रिया करावी.’ युक्तिवाद बिनतोड होता असं मला अजून वाटतं.

शेवटचं वाक्य मात्र मी चारदा वाचलं. ‘दिलेली संमती कधीही मागे घेता येणार नाही.’ कायदा नेमकं उलट सांगतो : संमती कधीही मागे घेता येते, आणि ती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. सेक्रेटरी म्हणाला, “यंत्राची चूक, काका. एक ‘नाही’ जास्तीचा पडला.” असेल. पण वेलांटी चुकली तर माणूस फार तर हसतो. हा ‘नाही’ चुकून पडला तर प्राचार्य जन्मभराचे अडकले.

विषय सर्वसाधारण सभेत गेला. चेअरमन निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जो प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं तोच विचारला. “पण मी म्हणतो, तुम्हाला लपवायचंय काय?”

आता इथे मला थोडं विस्तारानं बोलावं लागलं, आणि पहिल्या तीन मिनिटांत मागच्या दोन रांगा चहाकडे गेल्या. माझं म्हणणं एवढंच, की सगळा घोळ ‘गोपनीयता’ या शब्दानं घातलाय. जिथे तिथे ‘गोपनीयता धोरण’. गोपनीय म्हणजे लपवण्यासारखं. पोलिसांचा अहवाल गोपनीय, परीक्षेची प्रश्नपत्रिका गोपनीय. मी फाटकातून किती वाजता बाहेर पडलो हे गोपनीय नाही, ते खासगी आहे. मूळ ‘खास’, अरबीतून फारसीमार्गे आलेला, त्यावरून खासगी. म्हणजे स्वतःचं, आपल्या अखत्यारीतलं. ‘खाजगी’ हे बोलण्यात रुळलेलं रूप, लिहिताना मी ते चालू देत नाही. होळकरांच्या घराण्यात तर खासगी ही रीतसर दौलत होती. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. त्या खासगीतून अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळं उभी केली, धर्मशाळा काढल्या. काशीच्या घाटात लपवण्यासारखं काय आहे? अख्खं जग तिथे आंघोळीला येतं. तरीही ते पैसे खासगीच होते, कारण कुठे खर्चायचे हे ठरवणारी बाई एकच होती.

“म्हणजे तुम्ही घाट बांधणार?” मागून कुणीतरी विचारलं.

मी सुप्रीम कोर्टावर गेलो. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्तींचं पीठ, खासगीपणा हा मूलभूत हक्क, आणि निकाल एकमतानं. आमच्याकडे नऊ माणसांचं एकमत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरही झालेलं नाही. ते प्रकरण कोर्टात नेणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. याचिका केली २०१२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण हिनं पदराआडून हात खाली करण्याची खूण केली.

चेअरमन म्हणाले, “ते सरकारविरुद्ध. आम्ही सरकार नाही.” मुद्दा बरोबर होता आणि म्हणूनच मला जास्त लागला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उठल्या. त्या सहसा बोलत नाहीत. “मी एक विचारू? काका सकाळ-संध्याकाळ बाल्कनीत बसून कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी आहे, हे सगळं बघतात. मला तर यंत्रापेक्षा काकांचीच धास्ती वाटते.”

सभा हसली. मी म्हटलं, “पण मी विसरतो.”

“ते खरं आहे,” ही मोठ्यानं म्हणाली. “हे सगळं विसरतात.” आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, भर सभेत तिनं माझ्या बाजूनं दिलेली ही पहिली साक्ष.

ठराव झाला : सभासदांना ऐच्छिक, कामाला येणाऱ्यांना अनिवार्य. मी उभा राहिलो आणि म्हटलं, अनिवार्य संमती म्हणजे काय? कोरडा पाऊस? एव्हाना सभेत बटाटेवडे फिरायला लागले होते. ठराव वड्यांसकट संमत झाला.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी सहा घरं करतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा लागत नाही. इतकी वर्षं राखेनं आणि पावडरीनं भांडी घासून रेषाच उरलेल्या नाहीत. दर महिन्याला दुकानदार त्यांची बोटं एकेक करून पुसतो, दाबतो, करंगळीपर्यंत येतो. आता फाटकावर हे नवं. पहिल्याच आठवड्यात पाऊस लागला. मावशी डोक्यावर पदर, पदरावर प्लास्टिकची पिशवी अशा यंत्रासमोर उभ्या. यंत्र बाईच्या आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणालं. वॉचमनकाका म्हणाले, “पदर मागं घ्या.” घेतला. “वर बघा.” बघितलं. पावसाचं पाणी डोळ्यांत गेलं, डोळे मिटले, यंत्र पुन्हा तेच म्हणालं. मागे दोन स्कूटर पों-पों करत उभ्या. मावशींनी ओल्या हातानं त्या काचेवरचं पाणी पुसलं, देवघरातली तसबीर पुसतात तसं, आणि पुन्हा तोंड पुढे केलं. सहा वर्षं रोज त्यांना आत सोडणारे वॉचमनकाका बाजूला छत्री धरून उभे होते. त्यांना मावशी ओळखू येत होत्या, पण आता त्यांच्या ओळखण्याला किंमत नव्हती.

शेवटी एक जुनी वही निघाली. चेहरा न दिलेल्यांसाठी आणि चेहरा न लागलेल्यांसाठी. पहिल्या गटात सोसायटीत मी एकटा. तारीख, नाव, फ्लॅट, वेळ, येण्या-जाण्याचे कारण, ‘सहि’. शेवटच्या रकान्याची वेलांटी मी दीर्घ केली, ते सांगायला नकोच. अंत्य इकार दीर्घ, १९६२ पासूनचा नियम आहे. मग लक्षात आलं, की चेहरा वाचवण्याच्या नादात मी रोज स्वतःच्या अक्षरात, वेळेसकट, यंत्रानंही मागितली नसती एवढी माहिती लिहून देतोय. कारणाच्या रकान्यापाशी तरी मी पाय रोवले. लिहिलं : ‘खासगी’.

वॉचमनकाकांनी वाचलं. “काका, कारण लिहायचं असतं.”

“लिहिलंय की.”

त्यांनी मान हलवली. खरं तर मी पाव आणायला निघालो होतो.

सेक्रेटरीचा उत्साह मात्र वहीतही मावला नाही. दोन आठवड्यांनी त्यानं वहीतल्या नोंदी संगणकात घालून गटावर अहवाल टाकला, रंगीत खांबांसकट. वर मथळा : ‘डेटा काय सांगतो?’ खाली पहिलीच ओळ : ‘खाजगी कारण : फ्लॅट ३०२, काका, १४ वेळा. मावशी, १४ वेळा. इतर कोणीही नाही.’

मावशींनी काय केलं होतं ते मला नंतर उमगलं. त्या सातवी शिकलेल्या आहेत, नाव स्वतः लिहितात. बाकीच्या रकान्यांत वरच्या ओळीत जे असेल त्याच्याखाली त्या दोन टिंबं द्यायच्या. वरची ओळ रोज माझी असायची.

पण हे सगळं नंतर. अहवाल आला तेव्हा माझी नजर नेमकी जाऊन बसली ती त्या शब्दावर. सभेत घसा फोडून सांगितलं होतं. चष्मा न लावताच मी दोनशे माणसांच्या त्या गटावर लिहून टाकलं : ‘खाजगी नव्हे, खासगी. बाकी ठीक.’

पाठवलं, आणि मग पूर्ण ओळ वाचली.

स्वयंपाकघरातून ही बाहेर आली. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात चष्मा.

“अहो,” ती म्हणाली, “चौदा?”