एका झबल्यात किती मुलं वाढावीत?

लहान मुलांसाठी ‘पर्यावरणपूरक’ काही घ्यायचं म्हटलं की बहुतेक आईवडिलांच्या डोळ्यांसमोर महागडी दुकानंच येतात. मातकट रंगाचे कपडे, लाकडी खेळणी, खोक्यावर हिरवं पान आणि साध्या वस्तूच्या कितीतरी पट किंमत. मग ‘हे आपल्यासारख्यांना परवडणारं नाही’ म्हणून विषय तिथेच मिटतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण लहान मुलांच्या बाबतीत कमी खर्चाची वाट आणि कमी नासाडीची वाट बहुतेक वेळा एकच असते.

जन्मताना ५० सेंटीमीटरच्या आसपास असलेलं बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटीमीटर वाढतं. वजन वर्षभरात जवळपास तिप्पट होतं. म्हणून तर तान्ह्या मुलांच्या कपड्यांची मापं दर तीन महिन्यांनी बदलतात. या वयातला कपडा जुना होतच नाही. तो फाटत नाही, विटत नाही, नुसता आखूड होतो. आणि तो बनवायला काय लागतं पाहा. एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्च होतं, पिकाला मिळालेलं पावसाचं पाणी त्यात धरून. एवढं करून तयार झालेलं झबलं दोन-तीन महिने वापरून पिशवीत जात असेल, तर ते सेंद्रिय कापसाचं होतं की साध्या, याला मी फार महत्त्व देणार नाही.

त्यामुळे माझी कसोटी अगदी साधी आहे. या वस्तूत किती मुलं वाढू शकतील? एक मूल वाढलं तर ती महाग पडली, चार वाढली तर स्वस्त पडली. पैशांच्या हिशेबातही आणि निसर्गाच्याही.

‘जुने कपडे रिसायकलला देऊ’ हा दिलासा फार टिकाऊ नाही. वस्तू पुन्हा पुन्हा वापरात याव्यात म्हणून काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. उलट कपडा जास्त दिवस अंगावर राहिला तर लगेच फरक पडतो. ब्रिटनमधल्या ‘रॅप’ या संस्थेने हिशेब मांडला होता की कपडा आणखी नऊ महिने वापरात राहिला, तर त्याचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. लहान मुलांच्या बाबतीत हे नऊ महिने एकाच अंगावर निघणं शक्य नाही. ते दुसऱ्या मुलाच्या अंगावरच निघतात.

वापरलेले कपडे घ्यायला लोक कचरतात. ‘पहिलंच बाळ आहे, त्याला कुणाचे उतरलेले कपडे कशाला?’ ही भावना मला कळते, पण पटत नाही. बाळाला कपड्यातलं एवढंच कळतं की टोचतंय का, आवळतंय का, उकडतंय का. आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड या तिन्ही बाबतींत नव्याकोऱ्या कडक कपड्यापेक्षा सरस असतं. सुरकुत्या पडू नयेत म्हणून नव्या कपड्यावर केलेल्या प्रक्रियेत फॉर्माल्डिहाइड असू शकतं. ते आणि सुटा रंग धुण्यांमध्ये बराचसा निघून जातो. म्हणूनच नवा कपडा घेतला तरी तो आधी धुवायचा आणि मगच बाळाच्या अंगावर चढवायचा.

मात्र वापरलेला कपडा डोळे मिटून घेऊ नये. मी हातात घेतला की आधी तो उजेडासमोर धरते. गुडघ्यावर आणि बुडाशी कापड झिरझिरीत झालं असेल तर उजेड आरपार दिसतो, असा कपडा आणखी एका मुलाला पुरणार नाही. मग उलटा करून शिवणी बघायच्या. प्रत्येक बटण आणि टिचबटण बोटांत धरून चांगलं ओढायचं. जे हलतं ते एक तर पक्कं करायचं किंवा काढून टाकायचं, कारण सुटलेलं बटण सरळ तोंडात जातं. कमरेचं इलॅस्टिक ताणून सोडायचं, ते परत जागेवर आलं पाहिजे. डागांचं मला काही वाटत नाही.

मोजे मात्र न चुकता उलटे करायचे. आत सुटा धागा असेल तर तो तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडवू शकतो. केसानेही हेच होतं. बाळ का रडतंय कळत नसेल तर डॉक्टर बोटं तपासायला सांगतात, ते यासाठीच. धागे कात्रीने कापायचे, मग मोजे घालायचे.

टोपीची आणि गळ्याची नाडी हा दुसरा मुद्दा. घसरगुंडीच्या कठड्यात, पाळण्याच्या गजात नाडी अडकून मुलं दगावली आहेत. त्यामुळे अमेरिकेत १९९६ साली याबाबत सुरक्षेच्या सूचना निघाल्या आणि युरोपच्या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्याला-गळ्याला नाडी चालतच नाही. पण जुन्या कपड्यांत ती अजून सापडते. पूर्ण ओढून काढा. कपडा तसाच वापरता येतो.

आता नवीन घ्यायची वेळ आली तर. मी वाढत्या अंगाचे कपडे घेण्याच्या बाजूची आहे, पण ढगळ कपड्यात रांगणारं मूल अडखळतं. त्यापेक्षा शिवणच अशी बघावी की कपडा वाढवता येईल: बाह्या आणि पायांना दुमडायच्या पट्ट्या, कमरेच्या आत काजं असलेलं इलॅस्टिक, शिवणीत सोडलेली भरपूर माया. खांद्यावर एकावर एक येणारा गळा असेल तर डोकं सहज जातं आणि शी बाहेर आल्यावर अख्खा कपडा खालच्या बाजूने उतरवता येतो, तोंडावरून ओढावा लागत नाही. लंडनमध्ये रायन यासीन या तरुणाने चुण्यांचे असे कपडे बनवले की एकच कपडा मुलाबरोबर सात मापं वाढतो. २०१७ चा ब्रिटनचा जेम्स डायसन पुरस्कार त्याला मिळाला. सगळ्यांनी तेच घ्यावेत असं नाही, पण कपडा मुलाबरोबर वाढायला हवा ही कल्पना मला फार आवडते.

आणि कृपा करून मुलीचं सगळं गुलाबी आणि मुलाचं सगळं निळं घेऊ नका. त्या एका निवडीने पुढची निम्मी मुलं आपण आधीच वगळतो.

कपड्यांवरच्या प्रमाणपत्रांच्या शिक्क्यांबद्दल थोडं, कारण इथे पैसे बरेच जातात. ‘नैसर्गिक’, ‘इको’, ‘ग्रीन’ हे शब्द कुणीही छापू शकतं. ज्यांच्यामागे तपासणी असते असे दोन शिक्के ओळखून ठेवा. ‘गॉट्स’ (GOTS) या सेंद्रिय कापडाच्या शिक्क्यासाठी किमान ७० टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय लागतो, आणि सरळ ‘ऑरगॅनिक’ लिहायचं तर ९५ टक्के. ‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ घातक रसायनांची तपासणी सांगतं, आणि त्यातला पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सगळ्यात कडक असतो. पण त्याचा अर्थ कापूस सेंद्रिय आहे असा होत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत. ‘बांबूचे’ मऊ कपडे तर बहुतेक व्हिस्कोस असतात. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्यातून धागा काढतात. २००९ साली ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असा माल ‘बांबू’ म्हणून विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई केली होती. कपडा वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण पर्यावरणाच्या नावाने जादा पैसे त्याला देऊ नका.

डायपरचा वाद प्रत्येक पालकांच्या ग्रुपवर तावातावाने होतो. मला कापडी लंगोट आवडतात, पण ते कसे धुता यावर सगळं अवलंबून आहे. ब्रिटिश सरकारच्या २०२३ मधल्या अभ्यासात कापडी लंगोटांचा हवामानावरचा भार फेकायच्या डायपरपेक्षा २५ टक्के कमी निघाला. त्याआधीच्या २००८ च्या अभ्यासात सरासरी फरक जवळजवळ नव्हता. पण मशीन पूर्ण भरून धुतलं, ड्रायरऐवजी दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर भार ४० टक्क्यांपर्यंत कमी होत होता. फेकायच्या डायपरचा भार मुख्यतः ते बनवण्यात असतो, तो घरात आपल्या हातात नसतो. कापडी लंगोटाचा बराचसा धुण्यात असतो आणि तो हातात असतो. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने कापड ओल शोषेनासं होतं. आणि घरात पाणी, माणसं, झोप यांचीच चणचण असेल तर दिवसा कापडी आणि रात्री डायपर हा मार्ग अगदी योग्य आहे. बाळंतीण बाईला लंगोटांवरून अपराधी वाटायला लावणाऱ्यांची मला चीड येते.

कपड्यांपेक्षा मोठी उधळपट्टी सामानात होते. पाळण्याच्या कडांना लावायच्या गाद्या, छोट्या उशा, तिरपे झोपवायचे साचे. बालरोगतज्ज्ञ सांगतात की तान्ह्या बाळाला टणक, सपाट गादीवर, उताणं आणि मोकळ्या जागेत झोपवावं. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून कडेच्या गाद्या आणि तिरपे साचे विकायला बंदी घातली. चाकांचा वॉकर कॅनडात २००४ पासून विकता येत नाही. म्हणजे ज्या वस्तू बाळाला धोकादायक आहेत, त्याच घेण्यासाठी आईवडील पोटाला चिमटा काढतात. त्या न घेणं हीच सगळ्यात मोठी बचत आहे.

बाबागाडी, उंच खुर्ची, बाळाला न्हाऊ घालायचा टब हे सगळं वापरलेलं उत्तम. ब्रेक, पट्टे आणि घडीची कडी नीट तपासा. खूप जुना, रंग उडालेला पाळणा मात्र नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं. बाजू वरखाली होणारा पाळणाही नको. खेळण्यांसाठी चार घरांनी मिळून अदलाबदल सुरू करावी. लॉस एंजेलिसमध्ये खेळणी उसनी देणारी योजना १९३५ सालापासून आहे, मंदीच्या काळात सुरू झालेली.

एका वस्तूसाठी मात्र माझी कसोटी मी बाजूला ठेवते, ती म्हणजे कार सीट. अपघातात सापडलेल्या सीटला बाहेरून तडा दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. म्हणून अनोळखी माणसाकडून वापरलेली सीट कधीही घेऊ नका. स्वतःच्या बहिणीची असेल, तिला एकही धक्का लागलेला नाही याची खात्री असेल, सीटवर छापलेली वापराची मुदत संपलेली नसेल आणि माहितीपुस्तिका सोबत असेल, तरच घ्या. नाहीतर बाकी सगळीकडे वाचवलेले पैसे इथे घाला.

देणाऱ्यांनाही एक विनंती. कपडे धुऊन, मापाप्रमाणे वेगळ्या पिशव्यांत भरून, पिशवीवर महिने लिहून द्या. सगळ्या मापांचं एकच गाठोडं दिलं की घेणारी बाई ते कपाटावर टाकते आणि सापडेपर्यंत मूल मोठं झालेलं असतं. लंगोटाचं, बाबागाडीचं काही बिघडलेलं असेल तर तेही सांगून द्या. आणि ‘परत हवेत का?’ हे देतानाच स्पष्ट बोला, कारण त्या संकोचापायी किती तरी चांगले कपडे वापरल्याशिवाय घडी करून ठेवले जातात.

माझ्याकडे ६ ते १२ महिन्यांचे सुती कपडे धुऊन तयार आहेत, नाड्या काढलेल्या, बटणं पक्की केलेली. परत नकोत. ज्यांना हवेत त्यांनी मेसेज करा.