ईस्टर म्हणजे इश्तार देवी? नाही, आणि का नाही ते वाचा

ईस्टर जवळ आला की आमच्या कोल्हापुरातल्या ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो : ईस्टर म्हणजे मुळात बॅबिलोनची इश्तार देवी, अंडं आणि ससा तिची चिन्हं, रोमच्या कॉन्स्टंटाईन बादशहानं तो सण येशूच्या नावावर केला. यंदा शेजारच्या काकांनी पाठवला, वाईट हेतूनं नव्हे, म्हणून नीट लिहितोय.

आधी नाव. ऐकायला सारखं म्हणून मूळ एक, असं धरलं तर आपलं कोल्हापूर कोल्ह्यांचं गाव ठरेल, पण नाव ज्याच्यावरनं पडलं त्या कोल्हासुर राक्षसाची कथा तर इथं लहान पोरालाही माहितीय. ईस्टर हा शब्द इंग्रजांचा, जर्मनांचा त्याच्या जवळचा, बाकी ग्रीक लोक पास्खा म्हणतात, स्पॅनिश पास्कुआ, आणि हे सगळं हिब्रू पेसाखवरनं आलंय, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा यहुदी सण. त्याच दिवसांत येशूला क्रुसावर दिलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, सणाचा अर्थ हाच. इंग्रजी नावामागं देवी असलीच तर ती इओस्त्रे, तिचं नाव बीड नावाच्या इंग्लंडच्या मठवासीयानं ७२५ साली लिहून ठेवलंय, पण त्यात ना बॅबिलोन, ना ससा, ना अंडं.

इश्तारचा प्राणी तर सिंह आणि चिन्ह आठ टोकांचा तारा. ससा जर्मन लोकांचा, त्याचा लेखी उल्लेख १६८२ चा. अंड्याचं कारण साधं आहे, ईस्टरआधीच्या ४० दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडी वर्ज्य असायची, कोंबड्या काय थांबत नाहीत, मग साठलेली अंडी सणाला निघायची. श्रावण संपल्यावर आपल्याकडं मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, त्यासाठी कुठली देवी शोधायला लागत नाही.

आणि कॉन्स्टंटाईन! ३२५ साली त्यानं बिशपांची, म्हणजे चर्चच्या प्रमुखांची, निकियाला परिषद भरवली, तिथं ठरलं ते एवढंच की सगळ्यांनी एकाच रविवारी सण पाळायचा. सण तर कधीचा चालू होता. १५५ च्या सुमारास स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) इथला म्हातारा बिशप पॉलिकार्प रोमला गेला, तिथल्या बिशप अनिसेतसशी हा सण कसा नि कधी पाळायचा यावर बोलला, एकमत झालं नाही, तरी दोघांनी एकत्र प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर नि द्राक्षारस, घेतलं आणि सलोख्यानं निरोप घेतला. कॉन्स्टंटाईन जन्मायला तेव्हा शंभरेक वर्षं बाकी होती, मग त्यानं लादलं काय?

काका, येत्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला माझ्यासोबत चला. "प्रभू उठला आहे" म्हटल्यावर सगळी मंडळी "खरोखर उठला आहे" म्हणतात, ते एकदा ऐका.