कोण बघतंय?

आज दुपारी जेवायला घरी आले तर आई टीव्हीसमोर सतरंजीवर बसलेली. टीव्ही चालू, पण आवाज नाही, चित्र हलत नाही. काळ्या पडद्यावर रंगीबेरंगी पाच तोंडं आणि वर प्रश्न : कोण बघतंय? सिनेमे दाखवणाऱ्या ॲपात घरातल्या प्रत्येकाचा वेगळा कप्पा असतो, एकेक तोंड म्हणजे एकेकाचा कप्पा. आपलं तोंड दाबलं की पुढं जाता येतं.

"काय बघायलीस माय?"

"काई नाही. अकराला लाईट गेली. आली तवापसून हे असंच हाय."

घड्याळात पावणेदोन झालेले.

"मग दाबायचं ना एखादं."

"कुणाचं दाबू? ह्या पाचांत मी कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. भाकरी तशीच ताटात राहिली. एक तोंड ह्यांचं, एक माझं, एक मुलाचं, एक मुलीचं. आणि पाचवं लहान मुलांचं, हातात फुगे घेतलेलं. आमच्या घरात फुगे मागणारं लेकरू राहून सात-आठ वर्षं झाली. मुलगी आता नववीत आहे. तिच्या लहानपणीचा तो कप्पा आम्ही पुसला नाही, तसाच ठेवला. आणि दीड वर्षापासून ह्याच घरात राहणाऱ्या बाईचा कप्पा करावा, हे आम्हा चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही. दिवसभर तो टीव्ही असतो कुणासमोर? फक्त तिच्यासमोर.

बरं, तिनं बटन का दाबलं नाही, तेही ऐका. मुलगा बारावीला लातूरला असतो. सुट्टीत आला की अर्धवट बघून ठेवतो आणि पुढच्या सुट्टीत तिथून पुढं बघतो, हे तिनं पाहिलेलं आहे. "त्याचं अर्धं ऱ्हायलेलं पुसून गेलं तर? लेकरू रुसंल." म्हणून ती पावणेतीन तास बिनआवाजाच्या पडद्याकडं बघत बसली. लाईट कधी आली हे तिला नक्की सांगता येईना, म्हणून अडीच तास धरा. मला अडीच तासही सहन होत नाहीत.

ऑफिसात परत गेले पण कामात लक्ष लागलं नाही. संध्याकाळी घरी येऊन ह्यांच्याशी भांडले. ह्यांचं म्हणणं, "शिकव की तिला, किती सोपं आहे." सोपं आहे! हा शब्द ज्यानं ज्यानं आपल्या आईला ऐकवलाय त्यानं एकदा तो रिमोट हातात घेऊन बघावा. त्यावर आकडे नाहीत. एक गोल कडं, मधे एक बटन, खाली एक घर आणि एक मागं वळलेला बाण. बाण दाबला की कुठं जाऊन पडाल ह्याचा नेम नाही. आईचा अंगठा कापूस वेचून चिरलेला, जाड झालेला. त्या कड्यावर ठेवला की एका वेळी दोन बाजू दाबल्या जातात. मग पडदा भलतीकडं पळतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आई, तू राहू दे, मी लावून देतो." लावून देतो, आणि आपल्या खोलीत निघून जातो.

आणि माझी आई अडाणी नाही. गावाकडं विहिरीवरची मोटार ती घरी बसून फोनवरून चालू करते. स्टार्टरला फोन लावायचा, कुठला आकडा दाबला की चालू आणि कुठला दाबला की बंद, सगळं तिला पाठ. शेताची लाईट कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला, तेही तिच्याच डोक्यात. गावातल्या टीव्हीला फ्री डिशची छत्री आहे. त्याच्या रिमोटवर आकडे आहेत. तिथं तिला कुणाची गरज पडत नाही. इथं परभणीत आम्ही आधी डिशचं रिचार्ज बंद केलं, "आता कोण बघतंय चॅनल" असं म्हणून. हे वाक्य माझंच होतं. आज तेच वाक्य पडद्यावर वाचलं आणि अंगावर काटा आला.

तेव्हा १९९२ सालचा उन्हाळा सांगायलाच हवा.

'माहेरची साडी' १९९१ साली आला. आमच्याकडं सेलूच्या टॉकीजला लागेपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडला. गावोगावच्या बाया ट्रॅक्टर, बैलगाड्या करून अलका कुबलला बघायला निघालेल्या, त्या वेळची गोष्ट. मी आठ वर्षांची. आईनं आधी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "काय करायचंय शिनेमाला?" ती पुन्हा बोलली नाही. उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा तोडायला रोजानं गेली, पैसे धान्याच्या कोठीत ठेवले आणि पंधरा दिवसांनी गल्लीतल्या चौदा बाया गोळा केल्या. ट्रॉलीत कडबा अंथरला, त्यावर पोती. भर दुपारी डोक्यावर पदर ओढून सगळ्या निघाल्या. वायरच्या पिशवीत भाकरी, ठेचा आणि भाजलेल्या शेंगा.

टॉकीजच्या दारात हातात बॅटरी घेतलेला माणूस उभा होता. त्यानं विचारलं, "किती जणी?"

आई पुढं झाली. "चौदा बाया, नऊ लेकरं. लेकरं मांडीवर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "हिचं अर्धं तिकीट लागंल."

"ही मांडीवरच बसती."

आणि मी अख्खा सिनेमा तिच्या मांडीवर बसले. पाय खाली लोंबत होते, मुंग्या आल्या, पण हलले नाही. चौदा तिकिटं आईच्या मुठीत होती. घामानं भिजून त्यांचा लगदा झाला तरी तिनं मूठ सोडली नाही.

आत काय रडारड! शेजारची म्हातारी पडद्यावरच्या सासूला मोठ्यानं शिव्या घालत होती. तिच्या बाजूलाच तिची स्वतःची सून बसलेली, जिला ती रोज तशीच बोलायची. सून हुंदके द्यायला लागली तेव्हा म्हातारीनं शिव्या थांबवल्या, बघितलं, आणि आपल्या लुगड्याचा पदर तिच्या हातात दिला. हे मी मांडीवरून, दोन हातांवरून पाहिलंय. घरी गेल्यावर ती म्हातारी सुधारली असं काही झालं नाही. पण तेवढा वेळ पदर दिला होता.

आता मला सांगा, हे खोलीत एकट्यानं, कानात बोंडं घालून होईल का? मुलगा दीडपट वेगानं सिनेमा बघतो. म्हणतो, "वेळ वाचतो." वाचलेल्या वेळाचं काय करतो, तर दुसरा सिनेमा दीडपट वेगानं बघतो. मागच्या दिवाळीत आम्ही सगळे एकत्र बसलो होतो. गाणं लागलं की हा दहा सेकंद पुढं, दहा सेकंद पुढं. आईनं विचारलं, "गाणं गेलं का?" मी तिथंच होते. मी काही बोलले नाही. ह्याचंही मला आज वाईट वाटतंय.

त्याच दिवाळीत नवा टीव्ही आला होता. मोठा, भिंतीएवढा. पहिलाच सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत आई म्हणाली, "हा शिनेमा शिरेलीसारखा कामून दिसायलाय?" सगळे हसले. हे तर सगळ्यात जास्त. "आई, फोर-के आहे, भारीतला आहे." ती गप्प बसली. पुढं महिन्याभरानं मुलाला कळलं की ती बरोबर होती. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. नवे टीव्ही त्या चित्रांच्या मधे आपल्या मनानं आणखी चित्रं घालतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत होते. क्रिकेटला ते बरं, पण सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमधे जाऊन ते बंद करावं लागतं, आणि टीव्ही येतो तोच ते चालू होऊन. म्हणजे हजारो रुपये मोजून आणलेल्या वस्तूतला दोष सत्तरीच्या बाईनं नुसत्या नजरेनं ओळखला आणि आपण हसलो. तिची कुणी माफी मागितली नाही. आज मी ह्यांना मागायला लावली. मागितली, जराशी तोंडातल्या तोंडात.

तीच गोष्ट आवाजाची. "बोललेलं ऐकू येईना, गाणं लागलं की कान फुटतेत," ती कधीची सांगतेय. आम्ही म्हणायचो, वयानं कान गेले. कान गेले नाहीत. आताच्या सिनेमांचा आवाज थिएटरसाठी पुढं-मागं सहा ठिकाणी वाटलेला असतो, बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरला. आपल्या चपट्या टीव्हीला बहुतेक खाली नाहीतर मागं दोन बारके स्पीकर, तेही जमिनीकडं नाहीतर भिंतीकडं तोंड करून. बोलणं दबणारच. आवाजाच्या सेटिंगमधे स्टिरिओ, म्हणजे दोनच स्पीकरचा आवाज, केलं की फरक पडतो. तुमच्याही घरी कुणी म्हातारं माणूस हे म्हणत असेल तर कानाच्या डॉक्टरकडं न्यायच्या आधी तेवढं करून बघा.

तंत्रज्ञानाच्या नावानं बोटं मोडत नाही मी. आई पुण्याच्या मावशीचं तोंड रोज बघते ते फोनमुळंच, मान्य. आणि चौघांच्या चार वेळा जमत नाहीत हे ह्यांचं म्हणणंही खरं आहे, मान्य. पण पूर्वी कुठं जमत होत्या? १९८७ साली रामायण लागायचं तेव्हा गावात टीव्ही एकच होता. रविवारी सकाळी अख्खी गल्ली त्या ओसरीवर. एकजण माळवदावर अँटिना धरून उभा, खालून ओरडायचं, "आलं, आलं, गेलं, डावीकडं घे." पुढं सह्याद्रीवर रविवारी चार वाजता मराठी सिनेमा असायचा, तेव्हा आई दुपारची भांडी साडेतीनलाच घासून मोकळी व्हायची. जमत नव्हतं, माणसं जमवत होती.

मला राग कशाचा येतो, तर आईनं कधी कुणाला मोजायचं सोडलं नाही. चौदा बाया, नऊ लेकरं. कुणाला पाणी मिळालं, कुणाचं लेकरू झोपलं, परतीला ट्रॉलीत सगळ्या चढल्या का, हे अंधारात बोटं धरून मोजणारी बाई. अण्णा गेल्यावर तिला इथं आणताना मी गावात सगळ्यांना सांगितलं की आईला काही कमी पडू देणार नाही. कपाट दिलं, पलंग दिला, बीपीच्या गोळ्यांचा डबा वारांप्रमाणे भरून दिला.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. झालं असं, जेवणं झाल्यावर मुलाला लातूरला व्हिडिओ कॉल लावला. त्याला सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आजीला सांग, माझं काही पुसत नसतं. आणि पाचच बसतात त्यात, एक काढावं लागेल." फुगेवालं काढलं. मुलीनं एकदा "अरे" म्हटलं, तेवढंच.

मी फोनवरून मराठीत 'आई' असं टाकलं. आईनं वाचलं. ती चौथी शिकलेली आहे, सावकाश वाचते.

"आई तुझी. टीव्हीची कशाला?"

मग तिचं नाव टाकलं. तेही सासरचं नको म्हणाली, माहेरचं टाक म्हणाली. ते नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. इथं लिहीत नाही, तिला आवडणार नाही.

आता चित्र निवडायचं. नातीनं एकेक दाखवलं. पदर घेतलेली बाई त्यात एकही नाही, म्हातारं माणूसच नाही. घुबड आलं, "नको, रातच्याला घुबड." चष्मेवाली पोरगी, नको. अंतराळवीर, "हे कोण मेलं?" माकड आलं तेव्हा तिनं हात वर केला. "ऱ्हाऊ दे. मारुतीराया हाय."

मधल्या बटनावर माझी एक लाल टिकली चिकटवली. अंगठ्याला लागते, बघायचीही गरज नाही. तिनं चार वेळा करून बघितलं, बंद करून पुन्हा चालू. पाचव्यांदा पडद्यानं विचारलं तेव्हा तिनं मारुतीरायावर जाऊन टिकली दाबली आणि आमच्या सगळ्यांकडं वळून बघितलं.

'माहेरची साडी' लावलाय. मुलीनं फोन खोलीतच ठेवला. हे आधी दाराला टेकून उभे होते, आता खुर्चीवर बसलेत. गाणी कुणी पळवायची नाहीत असं मी जाहीर केलंय.

आता इंटरव्हल आहे. तिनंच केला, टिकलीवर अंगठा ठेवून. शेंगा भाजल्याचा वास येतोय आणि स्वयंपाकघरातून विचारायलीय, "किती जण हाव गं आपण?"