तुमची माणसं कुठल्या बाजूला होती?

ऑगस्ट लागला की टीव्हीवर ‘मंगल पांडे: द रायझिंग’ लागतो आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटतो. केतन मेहतांचा हा सिनेमा २००५ च्या ऑगस्टात आला होता. यंदाही तेच झालं. नागपूरच्या महाल भागातला दादा म्हणाला, फासावर गेलेल्या शिपायाला गोरा अधिकारी जिवलग दोस्त दाखवायची गरजच काय? आत्याला नाचगाणी खटकतात. धाकट्या चुलतभावाने लिहिलं, “जाऊ द्या न बे, आपल्या नागपुरात सत्तावन्न साली काही झालंच नाही. आपण कायले भांडून राहिलो?”

ते वाचलं आणि मी दिवसभर अस्वस्थ होते. नऊ वर्षं मी उत्तर इंग्लंडात राहते. इथल्या चर्चच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे, लखनौच्या वेढ्यात पडलेल्या एका लेफ्टनंटची. त्याचं नाव, पलटण, वय, सगळं कोरलेलं आहे. आमच्या गल्लीतल्या आजी दर शनिवारी पिवळ्या फडक्याने ती पाटी घासतात. अक्षरांच्या खाचांत पॉलिश अडकतं, ते काडीने काढतात. एकदा मी शेजारी उभी होते, तर त्यांनी सहज विचारलं, “तुमच्या गावाकडेही हे झालं होतं का? तुमची माणसं कुठल्या बाजूला होती?”

मला मंगल पांडे ठाऊक होता, झाशीची राणी ठाऊक होती. नागपूरचं सांगता येईना. घरी येऊन वाचायला बसले.

१८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. वाड्यातलं जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात गेले. १३ जून १८५७ च्या रात्री नागपूरच्या टाकळी छावणीतल्या, इंग्रजांच्याच घोडदळाने शहरातल्या काही मुसलमान मंडळींशी मिळून उठावाचा बेत केला होता. शहरातून पेटते फुगे आकाशात सोडायचे, ती खूण. पण पायदळाला फितवायला गेलेला माणूस पकडला गेला, बेत फुटला. गोरे सीताबर्डीच्या टेकडीवर जाऊन बसले. पुढे कटातल्या लोकांना त्याच किल्ल्यावर फाशी दिली.

आणि भोसल्यांच्या घरातली बाकाबाई? दुसऱ्या रघुजींची विधवा, पंचाहत्तरीच्या घरातली, राज्य गेलेली, वाडा लुटलेला. तिने आपल्या माणसांना बजावलं की जो बंडात जाईल त्याला मीच इंग्रजांच्या हवाली करीन.

म्हणजे आमची माणसं दोन्ही बाजूंना होती. आजींना मी पुढच्या शनिवारी हेच सांगितलं. त्या बराच वेळ फडकं हातात धरून बसल्या.

म्हणून मला दादाचं म्हणणं पटत नाही. २९ मार्च १८५७ ला बराकपूरच्या मैदानात मंगल पांडेला मागून मिठी मारून अडवणारा शेख पलटू शिपाईच होता. मंगल पांडेला अटक करायला नकार देणारा जमादार ईश्वरी प्रसादही त्याच पलटणीतला, आणि मंगल पांडेपाठोपाठ त्याच एप्रिलात तोही फासावर गेला. एकाच मैदानात, एकाच कंपनी सरकारच्या पगारावर उभी असलेली माणसं अशी फाटली. सिनेमातली गोऱ्याशी दोस्ती मला म्हणूनच खोटी वाटत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. एकट्या नायकावर इतका प्रकाश पाडला की पलटू आणि ईश्वरी प्रसाद अंधारात जातात, आणि बंडाची खरी भीती त्या दोघांतच आहे.

नागपूरवर सिनेमा काढायचा तर बाकाबाईवर काढा, असं मी ग्रुपवर लिहिलं. आत्या भडकली. “घरात लेकरंबाळं होती तिच्या. पुन्हा एकदा वाडा लुटू द्यायचा होता का तिनं?” दादाने लिहिलं, मग टाकळीवाल्यांना लेकरं नव्हती का? रात्री दीडपर्यंत दोघं भांडत होती. सिनेमाचं नाव त्यात एकदाही आलं नाही. इतकं मोलाचं भांडण आमच्या ग्रुपवर मी पहिल्यांदा वाचलं.

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडतो. पंधरा ऑगस्टला चुलतभाऊ वर गेला. तटावरून काढलेला फोटो पाठवला, खाली मेट्रो, उड्डाणपूल, बर्डीची गर्दी. फोटोखाली एकच ओळ होती: “ताई, टाकळी इथून कोणत्या अंगाले येते?”