अडथळ्याखालून पोहणं सोपं वाटतंय?

गेल्या आठवड्यात सांगली-मिरजेतल्या कितीतरी ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली महिलांची २०० मीटर अडथळा शर्यत, आणि खाली मजकूर: ‘बायकांसाठी सोपी केलेली शर्यत. पाण्यात लपाछपी खेळून पदकं घेतात. यात कुणाचा जीव वाचतो? आमच्या कृष्णाकाठची पोरं हे एका दमात संपवतील.’ मी टँकवर मुलींना पोहायला शिकवते. हे वाचून माझ्या बॅचमधल्या दोघींच्या घरी ‘कशाला हवं हे’ सुरू झालं, म्हणून लिहिते.

‘सोपी केलेली’ हे सरळ खोटं आहे. पुरुषांना जे अंतर तेच महिलांना, आणि अडथळेही तेवढेच, ८. पन्नास मीटरच्या तलावात चार लांब्या, प्रत्येक लांबीत दोन अडथळे: पहिला भिंतीपासून साडेबारा मीटरवर, दुसरा त्याच्यापुढे २५ मीटरवर. अडथळा म्हणजे पाण्यात आडवी लावलेली चौकट. ती पाण्याच्या वरच्या पातळीपासून ७० सेंटिमीटर खाली उतरलेली असते आणि तिच्यातून निसटायला जागा नसते, खालूनच जावं लागतं. आघाडीच्या मुली हे सगळं सव्वादोन मिनिटांच्या आत पार करतात. पदकांचं म्हणाल, तर वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, जीवरक्षण हा खेळ १९८५ पासून आहे.

‘एका दमात’ वाचून मात्र मला कळलं की लिहिणाऱ्यानं नियम पाहिलेलेच नाहीत. सूर मारल्यावर पहिल्या अडथळ्याआधी डोकं पाण्याबाहेर यायलाच हवं, आणि प्रत्येक अडथळा पार केल्यावर पुन्हा. नाही आलं तर बाद. चौकटीच्या वरून गेलात तर तिथल्या तिथे मागे येऊन खालून जायचं, नाहीतर तेव्हाही बाद. लांबच लांब बुडी मारणारा आपल्याकडचा पट्टीचा पोहणारा इथे पहिल्याच लांबीत बाहेर जाईल. दम किती कोंडून धरता येतो हे इथे कुणी मोजत नाही. श्वास घेतला न घेतला तोच वेग न मोडता परत खाली जायचं, तेही आठ वेळा, ही खरी कसोटी.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही प्लॅस्टिकच्या पाइपची चौकट केली, तिला जाळी बांधली आणि पहिल्यांदा मीच उतरले. दोनदा नीट गेले. तिसऱ्यांदा घाईत जरा लवकर वर आले. पाठ जाळीला घासली, टोपी अडकली. हात आपोआप वर जातो आणि वर हवा नाही, जाळी आहे! तेवढ्या क्षणात पोहायचं सगळं विसरायला होतं. नंतर माझ्या बॅचमधली अकरा वर्षांची पोर म्हणाली, ‘ताई, खाली जायची भीती नाही वाटत, वर यायची वाटते.’ तिला जे कळलं ते त्या मजकुरात कुठेच नाही.

जीव कुठे वाचतो, हा प्रश्न रास्त आहे. या शर्यतीत कुणाला ओढून आणायचं नसतं. त्यासाठी याच खेळात बुडणाऱ्या माणसाच्या जागी ठेवलेला पुतळा वाहून नेण्याच्या आणि पायाला फिन्स (पोहण्याचे रबरी पंख) लावून तो ओढण्याच्या वेगळ्या शर्यती आहेत. पण बुडणाऱ्यापर्यंत पोचायचं तर मधे काय काय येतं, हे सांगलीकरांना मी सांगावं? २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळची नाव उलटली, बाया-पोरं गेली. तिथे ही शर्यत पोहणारी कुणी असती तर ती माणसं वाचली असती, असं मी अजिबात म्हणणार नाही. पुराच्या ओढीत अडकलेल्या झाडाखालून जाणं म्हणजे मरण. आधी दोर फेका, ट्यूब फेका, उडी सगळ्यात शेवटी, हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. मात्र डोक्यावर काहीतरी आलं तरी घाबरून न जाण्याची सवय शांत पाण्यातच लागते, पुरात नाही.

आणि ‘कृष्णाकाठची पोरं’. आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या टाकणाऱ्यांची हिंमत मी लहानपणापासून पाहत आले आहे, ती खरीच आहे. पण उड्या टाकणारी पोरंच. भाऊ पाठीला डबा बांधून घाटावर पोहायला शिकला, तेव्हा मी पायरीवर त्याचे कपडे सांभाळत बसले होते. मी शिकले चौतिसाव्या वर्षी. त्या मजकुरात महिलांच्या शर्यतीशी तुलना करायला नदीवरची पोरंच आठवावीत, यातच सगळं आलं.

ती चौकट अजून आमच्याकडे आहे, जाळी नवी बांधली आहे. ज्या पालकांनी मजकूर पुढे पाठवला त्यांनी रविवारी सकाळी सहाला मुलींना घेऊन यावं. स्वतःचा पोहण्याचा पोशाखही आणावा.