सकाळी ग्रुपवर अपमान, दुपारी तांबोला

आज डोकं तापलंय म्हणून लिहून राहिलो. नागपूरच्या लोकमान्य नगरला मेट्रोत बसलो तेव्हापासून मनात तेच घोळतंय. जेवण झालं, तरी जात नाही.

आमच्या बिलिंगला एक पोरगी आहे. लागून सात महिने झाले. काल संध्याकाळी रायपूरच्या गाडीचं ई-वे बिल, म्हणजे माल पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, काढताना गाडीच्या नंबरातला एक आकडा तिच्याकडून चुकला. 3 च्या जागी 8. रात्री गाडी वाटेत अडवली. सकाळी साडेनऊला ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, 64 लोकांसमोर, मोठ्या साहेबांनी तिचं नाव घेऊन लिहिलं, "शाळेत आकडे शिकवले नाही का? इथं झोपा काढायला येता?" खाली तिघांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. ती माझ्यापासून दोन टेबल सोडून बसते. मोबाइल उलटा ठेवला आणि रुमालाने कीबोर्ड पुसत बसली. कितीतरी वेळ एकच बटण पुसत होती.

दुपारी चार वाजता त्याच पोरीला कॉन्फरन्स हॉलमध्ये बोलावणं आलं, कारण आज फन फ्रायडे. फुगे, समोसे, तांबोला. भिंतीवर बॅनर, 'आपण सारे एक परिवार'. एचआरवाली म्हणे, "सगळ्यांनी हसा, फोटो लिंक्डइनवर टाकायचाय." पोरगी हसली. फोटोत दिसते ती हसताना. मला तो फोटो बघवत नाही.

यालाच एम्प्लॉयी एंगेजमेंट म्हणतात आमच्याकडे. महिन्यातून एक दिवस फुगे लावायचे आणि उरलेले दिवस माणसाला घालूनपाडून बोलायचं. आणि चूक तरी केवढी? सरकारचंच 2018 चं परिपत्रक आहे की गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे चुकले आणि बाकी कागद बरोबर असले, तर भारी दंड लावून माल अडकवायचा नाही. दुसऱ्या राज्यात चाललेल्या मालाला 1000 रुपये दंड, संपला विषय. आजच्या समोशांचं बिल याच्यापेक्षा जास्त झालं असेल.

मान्य, गाडी उभी राहिली की भाडं चढतं आणि पार्टी फोनवर शिव्या घालते. साहेबांवर वरून दबाव असतो. असतो ना. मग बोलवा केबिनमध्ये, दार लावा, दोन शब्द कडक बोला. कोण नाही म्हणतं?

मला आज दिवसभर माझे पहिले साहेब आठवून राहिले. 2006 ची गोष्ट, हिंगणा एमआयडीसीतच. नटबोल्टचा कारखाना, मी स्टोअरला नवीन. मे महिना, पत्र्याचं शेड, कूलर गरम हवा फेकत होता. भिलाईच्या पार्टीला 16 एमएमचे बोल्ट पाहिजे होते, मी 12 चे चढवले. अख्खी गाडी परत आली. मला वाटलं, गेली नोकरी. साहेब आले, माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "जेवला का रे?"

नाही म्हटलं. "मंग आधी जेव. ट्रक कुठं पळून नाही चालला." स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवला. भाकर आणि चण्याच्या डाळीचा झुणका. घास उतरत नव्हता, तरी त्यांनी उठू दिलं नाही. मग केबिनचं दार लावलं. "आता सांग, काउन झालं असं?"

मी काय सांगितलं असेल? त्या गाडीचं तर सांगितलंच, पण त्याआधीच्या दोन गडबडीही सांगून टाकल्या, ज्या मी गुपचूप निस्तरल्या होत्या आणि कोणालाच माहीत नव्हत्या. दोन्ही मालांचे ट्रे एकाच रंगाचे, लेबल तेलाने पुसट झालेलं, अंधारात कोणीही फसेल. दुसऱ्या दिवशी साहेबांनी पिवळा आणि हिरवा ऑइलपेंट आणायला लावला. ट्रे आम्ही दोघांनी रंगवले. त्यानंतर मी तिथे चार वर्षं होतो, 12 आणि 16 ची अदलाबदल एकदाही झाली नाही.

साहेब ओरडले असते तर मी त्या दोन गडबडी कधी सांगितल्या असत्या का? भ्यालेला माणूस चुकायचं थांबत नाही, लपवायला शिकतो. ही पोरगी आता लपवायला शिकेल. आम्हीच शिकवलं तिला आज.

आणि हे नागपुरात व्हावं! माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते. जमशेदजी टाटांची ही गिरणी 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. 1886 मध्ये तिथे पेन्शन फंड आला, 1895 पासून अपघाताची भरपाई. भरपाईचा देशाचा कायदा 1923 चा. म्हणजे कायद्याच्या 28 वर्षं आधी या गावात कोणाला तरी सुचलं होतं की मजुराचा हात तुटला तर त्याच्या घरी चूल कशी पेटेल. सगळं गोड नव्हतं, सुरू झाली त्याच साली मजुरीवरून संप झाला तिथे. तरी आजोबा शेवटपर्यंत 'आमची मिल' म्हणायचे. आता त्या जागी मॉल आहे.

एचआरच्या पोरीवर राग नाही माझा. तिला वरून सांगतात, ती फुगे आणते. राग... खरं सांगायचं तर आता लिहिता लिहिता तो दुसरीकडेच वळला आहे.

त्या गाडीचा गेटपास माझ्या सहीने निघाला. गेटपासवर गाडीचा नंबर असतो. बिलाशी ताडून सही करायची असते. काल साडेसहाला घाई होती, मी न बघता सही केली. सकाळी ग्रुपवर तो मेसेज वाचला तेव्हाच हे आठवलं होतं. आणि मी गप्प बसलो. दुपारी समोसाही खाल्ला.

भिलाईची गाडी परत आली तेव्हा मालकांनी फोनवर विचारलं होतं, कोणी केलं हे? केबिनमध्ये मी समोर उभा होतो. साहेब म्हणाले, "माझ्या स्टोअरची चूक आहे, मी बघतो." माझं नाव घेतलं नाही. नंतर कधी बोलूनही दाखवलं नाही.

ही पोस्ट अर्धी ठेवून आत्ता ऑफिसच्या ग्रुपवर लिहून आलो: "रायपूरच्या गाडीचा गेटपास माझ्या सहीचा आहे. नंबर ताडायचं काम माझं होतं, मी केलं नाही. सोमवारपासून बिल आणि गेटपास दोघं मिळून ताडून मगच गाडी सोडू."

दहा मिनिटं झाली. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांचा अंगठा आलाय. साहेबांचं काही नाही. ती टायपिंग करते आहे असं दोनदा दिसलं, मग थांबलं.