पाच हजारात होतंय की!

गेल्या वर्षी लातुरातल्या एका डाळमिलच्या मालकांनी मला सांगितलं, "दादा, वेबसाइटचे तुम्ही लई सांगायलात. आमचा भाचा पाच हजारात करतो म्हणायलाय." दिलं भाच्याला. परवा फोन आला, "साइट उघडंना गेली, बघा की जरा."

बघितलं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर कुठली तरी फुकटात मिळवलेली थीम, म्हणजे तयार साचा, वरून जोडलेली एकतीस प्लगइन, म्हणजे जादा सोयींचे छोटे प्रोग्राम, त्यातली निम्मी कधीच अपडेट न केलेली. पहिल्याच पानावर मिलचा फोटो, मोबाइलमधून थेट चढवलेला, ६ एमबीचा! तोच १२०० पिक्सेलचा करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये दिला तर दीडदोनशे केबीत बसतो. औशाच्या रानात उभ्या शेतकऱ्याला तुरीचा भाव बघायचाय, टॉवरची एकच कांडी आहे. त्यानं हा फोटो उतरेपर्यंत उन्हात ताटकळायचं? कोडमध्ये शीर्षकाला एच१ ही शीर्षकाची खूण नाही, बटणाला बटणाची खूण नाही, नुसतं डिव्हच्या, म्हणजे बिननावाच्या डब्याच्या, पोटात डिव्ह. अंध माणसाला पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर यात काय वाचणार? साइटचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ओळीओळीला 'इम्पॉर्टंट', म्हणजे 'बाकीचं सोडा, माझंच ऐका'. एक रंग बदलला की तीन ठिकाणी मोडतंय.

रात्र रात्र बसून हे निस्तरावं, तर वर ऐकायचं, "दिसायला तर तसंच आहे, बदललं काय?"

अहो, १९९१ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातल्या सर्न या संशोधन केंद्रात जगापुढं ठेवलेली पहिली साइट आजच्या मोबाइलवरही झटक्यात उघडते, कारण तिच्यात साधं, स्वच्छ एचटीएमएल, म्हणजे पानाची रचना सांगणारा कोड, आहे. तुमची वर्षात धापा टाकायलीय. आणि दुरुस्तीचे पैसे सांगितले तर पुन्हा तेच, "लई सांगायलात, दादा."